बाईंची निवळ

बाईंच्या पेशी थंड पेयांच्या एका जुन्या कपाटात वाढायच्या आणि माझ्या पेशी नव्या कोऱ्या इन्क्युबेटरमध्ये मरायच्या. आम्हा दोघांतलं भांडण ते एवढंच. त्यातही भांडत मी एकटाच होतो. बाई समोरच्या टेबलाशी बसून आपलं काम करत असायच्या, आणि मान वर करून मधूनच विचारायच्या, “का वो सर, आज बी गेली व्हय?” गेली म्हणजे माझी पेशी. हा प्रश्न त्या काळजीनं विचारायच्या हे मला कळत होतं. तरी तो ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पेशी म्हणजे चिलटाच्या. पिकलेल्या पेरूवर आणि केळ्याच्या सालीवर घोंगावतात ना, तीच बारीक चिलटं. फार पूर्वी परदेशात कुणीतरी त्यांच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशी सुट्या केल्या, बाटलीत घालून खाऊपिऊ घातलं, आणि त्या वाढत राहिल्या. त्यांचे वंशज आज जगभरातल्या प्रयोगशाळांत नांदताहेत. अशा वंशाला इंग्रजीत सेल लाइन म्हणतात. बाई त्याला ‘वाण’ म्हणायच्या. उसाचा वाण, बाजरीचा वाण, तसा चिलटाच्या पेशीचा वाण. मी हट्टानं सेल लाइन म्हणत राहिलो आणि वर्षाच्या आत एका सेमिनारमध्ये, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर, माझ्याच तोंडून ‘वाण’ निघून गेलं. मागच्या रांगेत बाई शेजारच्याला म्हणाल्या, “सर आता आपल्यात आलं.” कुजबुजायचा त्यांचा विचार असावा, पण शेजारच्या रानातल्या माणसाला हाक मारावी असा त्यांचा आवाज, त्यामुळे पाहुण्यांनीही ते ऐकलं.

त्यांना मॅडम म्हटलेलं चालत नसे. “मॅडम म्हनलं की मला बँकेत आल्यागत वाटतं,” म्हणायच्या. म्हणून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या बाई. कऱ्हाटीहून एसटीनं बारामतीला यायच्या. उंच, काटक, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये एक थर्मामीटर. एसटीतून उतरल्या की पहिलं वाक्य असायचं ते आज गाडीत किती तापमान होतं याचं. “माझी पेशी असती तर कऱ्हाटीच्या फाट्यावरच मेली असती, मानसं कशी जगत्यात देव जाने.” लग्न केलं नव्हतं. जेवायला स्टाफरूममध्ये कधी बसल्या नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला एक खिडकी होती, तिच्याशी उभं राहून भाजलेल्या शेंगा खायच्या आणि टरफलं एका पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. कुणी सोबत करायला गेलं तर मूठभर शेंगा हातावर ठेवून म्हणायच्या, “जावा आता, तितं बसून खावा.”

मी मूळचा बारामतीचाच. पुण्यात पीएच.डी. केली, दोन वर्षं जर्मनीत काढली, आणि आई एकटी पडली म्हणून परत आलो. आलो तेव्हा माझ्या मनात पक्कं होतं की जनुकात नेमक्या जागी काप घेऊन तिथं आपल्याला हवा तो तुकडा बसवायचं काम या गावात कुणी करणार असेल तर ते मी. इथल्या कॉलेजात रुजू झालो त्या दिवशी आमचे लॅब असिस्टंट मुलाणी भाऊ माझी खोकी उतरवायला हात लावत होते. खोक्यात काय आहे ते मी त्यांना अगदी समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “व्हय, ते बाईंचं चालूच हाय की हितं.” मी खोकी तशीच टाकून आधी ते बघायला गेलो.

आणि कशात चालू होतं, तर त्या कपाटात! इंदापूरच्या स्टँडसमोरचं एक सोड्याचं दुकान बंद पडलं, तेव्हा बाईंनी त्यांचं बाटल्या ठेवायचं काचेच्या दाराचं कपाट टेम्पोत घालून आणलं होतं. चिलटाच्या पेशींना गार लागतं, पंचविसाच्या आसपास. माणसाच्या पेशींना लागतो तसला वेगळा वायूही लागत नाही. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीनं त्या कपाटात काही चुकीचं नव्हतं, हेच माझं दुखणं होतं. त्यावर एका पोरीचं चित्र होतं, हातात बाटली घेऊन हसणारी. उन्हानं तिचा रंग उडाला होता पण दात शाबूत होते. माझा इन्क्युबेटर अनुदानातून आलेला, आकड्यांचा, बटणांचा. मे महिन्यात बारामतीत दुपारी डांबर मऊ होतं, तेव्हा तो शिट्टी मारून बंद पडायचा. मग मला माझ्या बाटल्या उचलून त्या हसऱ्या पोरीच्या आसऱ्याला न्याव्या लागायच्या. बाई आपल्या बाटल्या सरकवून जागा करायच्या. “या, या. दाटीवाटीनं ऱ्हातील.”

शिकवायच्या कशा ते एकदा मी दाराबाहेर उभं राहून ऐकलं. इतकी पोरं त्यांच्या तासाला का बसतात ते मला बघायचं होतं. फळ्यावर इंग्रजी शब्द सुवाच्य लिहिलेले, आणि तोंडानं कऱ्हाटीची भाषा. “ऊस लावला. मधीच एखादं टिपरं उगवत न्हाय, तितं मोकळी जागा ऱ्हाती. तिला काय म्हनत्यात?” सगळा वर्ग ओरडला, “नांगी!” “मग काय सगळा फड नांगरता? न्हाय. नांगी हाय तितंच दुसरं टिपरं लावायचं. आपलं काम तेच. फकस्त नांगी आपनच पाडायची, आन ती बी नेमक्या जागी.” एका पोरानं विचारलं, एवढ्या लांब जनुकांच्या धाग्यात नेमकी जागा सापडते कशी? बाई म्हणाल्या, “कातरीला गट नंबर दिलेला असतो. तलाठी कसा, गट नंबर सांगितला की बरूबर त्याच बांधावर जाऊन उभा ऱ्हातो?” मग जरा थांबून, “चांगला तलाठी. काही चुकीच्या बांधावर बी जात्यात. ते आपल्याला नंतर तपासावं लागतं.” वर्ग खदखदून हसला. हेच मी चाळीस रंगीत स्लाइडी दाखवून शिकवलं होतं. परीक्षेत पोरांनी नांगी आणि तलाठी लिहिलं, आणि उत्तर बरोबर असल्यामुळे मला मार्क द्यावे लागले.

माझ्या मत्सराचा बाईंना पत्ता नाही असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. त्यांच्या प्रत्येक बाटलीच्या झाकणावर काळ्या मार्करचा एक ठिपका असे. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाल्या, बाटली कुठल्या बाजूनं धरायची त्याची खूण. झाकण गोल, त्याला कसली आलीय बाजू? पण मी सोडून दिलं. मग एकदा मी लॅबमध्ये शिरत असताना आतून त्यांचा आवाज आला. “मुलाणी भाऊ, सर आलं. त्या नव्या बाटलीला तीट लावायची ऱ्हायलीया, बिगीनं लावा.” मुलाणी भाऊंनी खरोखरच मार्कर उचलला. मी दारातच उभा. बाई माझ्याकडे बघून इतक्या मोकळेपणानं हसल्या की मलाही हसावं लागलं. हसता हसता मी त्या नव्या बाटलीकडे नजर टाकली आणि पेशी किती छान वाढल्यात ते बघून घेतलंच. तीट लावलेली बरी, असं मला स्वतःलाच वाटलं.

बाईंचं कौतुक माझ्या घरापर्यंत पोचलं होतं. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बाई भेटायला आल्या. फार तर अर्धा तास बसल्या असतील. त्या अर्ध्या तासात त्यांनी आईला विचारलं की आता जग कसं दिसतं, कुठले रंग बदलले, निळा आधी कसा दिसायचा. आम्ही घरच्यांनी तिला फक्त “दुखतंय का” एवढंच विचारलं होतं. त्यानंतर आई वरचेवर म्हणायची, “अरे, त्या तुझ्या बाई परत कधी यायच्यात?” आणि बायको ताट वाढताना रोज विचारायची, “मग, आज काय केलं बाईंनी?” मी दिवसभरात काय केलं हे कुणीच विचारेना.

आता जी गोष्ट खरी सांगायची आहे तिच्यासाठी थोडं शास्त्र सांगावं लागेल. जनुकात टिपरं लावायचं काम एका वेळी लाखो पेशींवर करतात. काहींत ते लागतं, काहींत लागत नाही, काहींत वाकडंतिकडं लागतं. म्हणून मग एकेक पेशी वेगळी काढून खळग्यांच्या ताटात ठेवतात, एका खळग्यात एक. तिच्यातून जो वंश वाढेल तो शुद्ध, सगळा एका आईचा. पण चिलटाची पेशी एकटी ठेवली की मरते. तिला शेजार लागतो. शेजार देता येत नाही, कारण मग वंश एकीचा राहत नाही. त्यावर उपाय असा की ज्या पाण्यात आधी पुष्कळ पेशी सुखानं राहिल्या आहेत ते पाणी घ्यायचं, त्यातल्या पेशी काढून टाकायच्या, आणि ते पाणी त्या एकटीला द्यायचं. पेशींनी त्यात काय सोडलेलं असतं ते पुरतं कुणाला ठाऊक नाही, पण त्यावर ती एकटी तग धरते. पेशी तळाशी बसवून वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं, म्हणून बाई त्याला निवळ म्हणायच्या. त्यात चुकून एखादी पेशी राहू नये म्हणून ती शेवटी बारीक गाळणीतून गाळायची.

ही निवळ मलाही काढता येत होती. पुस्तकात लिहिलेलंच आहे. पण माझी निवळ कधी कोवळी व्हायची तर कधी दाट झालेल्या बाटलीतली, आंबलेल्या ताकासारखी. आणि दुसरं म्हणजे मला दम नव्हता. मी रोज ताट बाहेर काढून बघायचो. एखाद्या खळग्यात दोनाच्या चार झाल्या की मी ताट इकडून तिकडून फिरवून बघायचो, त्या धक्क्यानं पेशी विखरायच्या, आणि पुन्हा एकट्या पडून मरायच्या. बाई म्हणायच्या, “सर, पेरलेलं रोज उकरून बघितलं तर उगवंल कसं? घाई तुमाला हाय. तिला हाय का?” मी मान डोलवायचो आणि त्या व्हरांड्यात शेंगा खायला गेल्या की ताट काढायचो.

बाईंचा वाण मात्र झाला. पेशी दुभंगते तेव्हा आतले धागे ओढणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकाच्या शेपटाला बाईंनी हिरवं चमकणारं टिपरं बरोबर लावलं. सूक्ष्मदर्शीत निळा दिवा लावला की पेशीच्या पोटात हिरव्या काजव्यांची रांग सरकताना दिसायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ डोळा काढलाच नाही. इतकं सुंदर काम माझ्या समोरच्या टेबलावर झालं होतं आणि ते माझं नव्हतं. मी म्हणालो, “फोकस जरा हललाय.”

तो वाण त्यांनी एका मोठ्या शहरातल्या संस्थेच्या पेशी-बँकेत पाठवला. तिथं घेतला गेला की देशभरातले लोक मागवणार, आणि प्रत्येक कुपीवर करणाऱ्याचं नाव. आमच्यासारख्या कॉलेजातल्या माणसाला याहून मोठं काय मिळणार? वाण परत आला. सोबत निरोप की यात सगळ्या पेशी एकसारख्या नाहीत, काही लख्ख, काही फिक्या. एकाच पेशीचा वंश असेल तरच घेऊ. बाईंच्या हातूनही खरी एकटी पेशी कधी जगली नव्हती. त्यांनी झुबक्याझुबक्यानं जगवल्या होत्या आणि त्यातल्या चांगल्या वेचल्या होत्या. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. त्या संध्याकाळी मी घरी जाताना जिलबी घेतली. बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन स्वतःच सांगितलं, “माझ्या वाणात भेसळ निघाली. बँकेनं परत केला. बसा, कुठं चुकलं ते बगू.” असं कुणी स्वतः होऊन सांगतं का? माझा अर्धा आनंद तिथंच गेला.

उरलेल्या अर्ध्यावर मी कामाला लागलो. तेच प्रथिन, तेच जनुक, तीच जागा, पण माझं टिपरं लाल. लाल अशासाठी की बाईंच्यापेक्षा वेगळं दिसावं. आणि यावेळी शुद्ध, एकाच पेशीचा वंश, बाईंना न जमलेला. इतकी वर्षं मी जे मागत होतो ते एवढंच होतं: माझ्या हातचा एक वाण, माझ्या नावाचा. पेशी वेगळ्या काढायचा दिवस आला आणि माझी निवळ पुन्हा आंबलेली निघाली. मी बाटली नाकाशी धरून उभा होतो, तेवढ्यात बाईंनी कपाटातून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. “ही घ्या. कालच काढलीया. चांगल्या भरात हुती बाटली.”

मला नाही म्हणायचं होतं, पण ताट तयार होतं. मी बाटली घेतली, मान हलवली, आणि पाठ फिरवली. एक उपकार झाला तेवढा पुरे, त्यावर आणखी चौकशी कशाला? निवळ ताटात घातली, एका खळग्यात एक पेशी सोडली, ताट झाकून इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. दुसऱ्याच दिवशी इंदापूरच्या कॉलेजातून निरोप आला की त्यांच्याकडच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून मी यावं. नेमका आत्ताच! मी चरफडत गेलो. तिकडे बेडकांच्या आकृत्या तपासताना माझं मन इकडे ताटावर. एकदा मुलाणी भाऊंना फोन करून म्हणालो, जरा ताट काढून बघता का? ते म्हणाले, “बाई म्हनत्यात, सर न्हाईत ते बरंच हाय, कुनी हात लावू नका.” पंधरवड्यानं परीक्षा संपल्यावर तिकडच्या लोकांनी पेरूची पिशवी भेट दिली, ती घेऊन मी थेट लॅबमध्ये आलो.

ताट काढलं. एकेक खळगा सूक्ष्मदर्शीखाली बघत गेलो. मेलेलं, मेलेलं, मेलेलं. आणि एका खळग्यात पेशींचं एक गोल, दाट, जिवंत मोहोळ. “मुलाणी भाऊ!” मी ओरडलो. मुलाणी भाऊ धावत आले. मी लाल दिसण्यासाठीचा दिवा लावला. काळोख. डोळे चोळून परत बघितलं. काळोखच. म्हणजे पेशी जगली होती पण माझं टिपरं तिच्यात लागलंच नव्हतं. मी दिव्यापुढची रंगीत काचांची चकती फिरवून बंद करायला गेलो, ती हिरव्याच्या घरातून गेली, आणि सगळं मोहोळ लख्ख हिरवं पेटलं.

मी खुर्ची मागं सरकवली. मुलाणी भाऊंनी वाकून नळीत डोळा घातला, आणि मला काही सुचायच्या आत दाराकडे तोंड करून हाक दिली, “बाई! या हिकडं! तुमचं आलंया, सरांच्या ताटात!”

बाई हात झटकत आल्या. बोटांना शेंगांची फोलपटं होती ती त्यांनी आधी धुतली. मग नळीशी वाकल्या.

“निवळ गाळली न्हवती व्हय?” त्यांनी डोळा न काढता विचारलं.

“गाळलेली नव्हती ती?”

“मी आयत्या वक्ताला गाळते. आधी गाळून ठेवली की तिचा जीव जातो. सगळ्यास्नी ठावं हाय.”

“मला नव्हतं.”

“तुमी इचारलं कुठं?”

हे खरंच होतं. त्यांच्या बाटलीतली एखादी हिरवी पेशी निवळीबरोबर माझ्या त्या खळग्यात आली होती. माझी लाल त्याच खळग्यात तिच्याशेजारी मेली असणार. इतक्या वर्षांत माझ्या ताटात पहिल्यांदा एक पेशी जगली, आणि ती बाईंची निघाली. आता त्या हसतील, असं मला वाटलं. त्यांनी हसावं अशी मी जवळजवळ प्रार्थना केली, कारण हसल्या असत्या तर मला उघडपणे रागावता आलं असतं.

बाई हसल्या नाहीत. त्या नळीतून बघतच राहिल्या. हळूहळू ताट सरकवत मोहोळ या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं. “एकसारखी हायत सगळी,” स्वतःशीच म्हणाल्या. “एक बी फिकी न्हाय.” मग सरळ झाल्या आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. रोज सकाळी दाढी करताना आरशात मी ती बघत आलो होतो.

“सर,” त्या म्हणाल्या, “मला तुमचा लई हेवा वाटतुय बगा.”

मुलाणी भाऊ खाली बघायला लागले.

“एवढी वर्सं मी एकीला एकटी जगवायला बगतेया. सगळं सांभाळून, जीव लावून. दर वक्ताला झुबक्यानंच जगली. आन तुमी निवळ गाळली न्हाय, ताट बगितलं न्हाय, खुशाल इंदापुरात जाऊन बसलात. आन हितं एकटी जगली. आग झाली हो माझी.” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला, खरोखर तिथं काही पोळल्यासारखा. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, “पेरू कुठलं? इंदापूरचं व्हय? आना एक.” आणि पेरू घेऊन व्हरांड्यातल्या खिडकीशी गेल्या.

मी संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा बघत होतो. हेवा असा जातो थोडाच? कुठंतरी शिल्लक असेल, ओठांच्या कोपऱ्यात, बाटली ठेवायच्या पद्धतीत. काही सापडलं नाही. त्यांनी तो एकदा तोंडानं सांगितला आणि पेरू खाल्ला, आणि तो संपला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याही आधी येऊन त्या खळग्यातल्या पेशी मोठ्या बाटलीत हलवायची तयारी करत होत्या. मी म्हणालो, बाई, हा वाण तुमचा आहे, घेऊन जा. म्हणाल्या, “टिपरं माझं, रान तुमचं. वाट्यानं केल्यागत झालं. दोघांची नावं जातील.”

तपासणी झाली. खरोखर एका पेशीचा वंश निघाला. बँकेनं घेतला. कुपीवर दोघांची नावं आहेत, बाईंचं आधी, माझं नंतर. लोक माझं अभिनंदन करतात तेव्हा मी हसतो. माझा लाल वाण मात्र अजून झालेला नाही. बाई निवृत्त झाल्या, लॅब माझ्याकडे आली, मी आता निवळ आयत्या वेळी गाळतो, ताट उकरत नाही. पेशी मरतात. माझा इन्क्युबेटर पुण्याच्या मेकॅनिकची वाट बघत बंद आहे, आणि सगळं काम त्या हसऱ्या पोरीच्या कपाटात चालतं. झाकणावर मी ठिपके देतो. कुणाच्या नजरेसाठी, ते मला सांगता येणार नाही.

मागच्या थंडीत मी कऱ्हाटीला गेलो. बाईंच्या घरामागं माळ आहे, त्यावर त्यांच्या शेळ्या. नुकतीच व्यालेली एक शेळी गोठ्यात होती, आणि पिल्लांच्या वर बांबूला तोच पर्समधला थर्मामीटर टांगलेला. मी नेलेले पेरू बाईंनी एकेक उचलून बघितले. “चिलटं न्हाईत यावर. औषध मारलंया लई.” आईची चौकशी केली, मुलाणी भाऊंच्या पोरीच्या लग्नाची केली. लालचं काय झालं, म्हणाल्या. नाही झालं, असं मी सांगितलं. “हुईल,” म्हणाल्या, आणि शेळीच्या पिल्लाला दुसऱ्या आचळाला लावायला वाकल्या.

मी ठरवून गेलो होतो. वाटेत गाडीवर दोनदा मोठ्यानं म्हणूनही बघितलं होतं: बाई, मला तुमचा हेवा वाटतो, पहिल्या दिवसापासून वाटतो. सोपं वाक्य आहे. त्यांनी ते मुलाणी भाऊंच्या देखत म्हटलं होतं, बोटं ओली असताना. चहा झाला, दुसरा चहा झाला, ऊन कलायला लागलं. मी उठलो. बाई फाटकापर्यंत आल्या. मी गाडीला किल्ली लावली आणि काढली आणि परत लावली.

“काय सांगायचं हुतं का, सर?”

“नाही,” मी म्हणालो. “पेट्रोल बघत होतो.”

त्यांनी पदराच्या गाठीतून शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. “जावा आता,” म्हणाल्या. मी त्या शेंगा मुठीत धरून बारामतीपर्यंत एका हातानं गाडी चालवत आलो. बाईंनी एका पेरूच्या आत संपवलेलं काम माझ्याच्यानं आजवर झालेलं नाही, आणि त्याचाही मला त्यांचा हेवा वाटतो.